मी अकरा जागा धरल्या

चाकूरच्या बसस्टँडवर माझ्याइतक्या चपळाईने जागा धरणारं दुसरं कुणी नाही. हे मी म्हणत नाही, माझ्यामुळे ज्यांना लातूरपर्यंत उभ्याने जावं लागलं ते म्हणतात. बस आवारात वळते न वळते तोच मी बघून ठेवते, कोणती काच उघडी आहे, आतला कोणता माणूस खरंच उतरणार आहे आणि कोणता नुसता आळोखेपिळोखे देतोय. मग खिडकीतून रुमाल आत. एकदा रुमाल पडला की जागा आपली. त्यावर बसायला तहसीलदारसुद्धा धजत नाही. कुणी हटकलंच तर म्हणायचं, "आमची माणसं येऊन राहिली, मागंच हायेत." माणसं नसली तरी म्हणायचं.

माझं नाव शिवकन्या. सातवी ब. आई म्हणते, नाव ठेवताना घाई झाली.

ही गोष्ट दिवाळीची सुट्टी संपली त्या दिवशीची. माझी मोठी बहीण पुनम, म्हणजे आक्का, लातूरला होस्टेलवर राहून बारावी करते आणि सोबत डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास. तिला पोचवायला मी निघाले होते, कारण लातूरला मावशी आहे आणि मावशीकडे वायफाय आहे. आम्हाला बसमध्ये बसवून द्यायला अप्पा आले होते. तिघं आणि एक पोतं, एका मोटारसायकलवर.

आमच्या अप्पांकडे सात एकर रान आहे, दोन म्हशी आहेत आणि एक फोन आहे. सगळ्यात जास्त जीव फोनमध्ये. दर रविवारी आक्काच्या क्लासची चाचणी होते, संध्याकाळी आक्का मार्क कळवते आणि अप्पा ते स्टेटसला ठेवतात. मागे सनई, कडेला गुलाब, मधे आक्काचा पासपोर्ट फोटो. सातशे वीसपैकी पाचशे अठ्ठेचाळीस, आमची डॉक्टरीण. त्यामुळे या दिवाळीत अर्ध्या गल्लीने आक्काला आपापली दुखणी दाखवून घेतली. एका म्हाताऱ्याने तर दारातच जीभ बाहेर काढली.

आक्का सगळ्यांशी गोड हसली. पण ते तिचं हसणं नव्हतं. तिचं खरं हसणं घोड्याच्या खिंकाळण्यासारखं आहे, आई त्यावरून तिला रागवायची. अख्ख्या दिवाळीत ते एकदाही ऐकू आलं नाही आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं.

अप्पा स्टँडवर केळी घ्यायला गेले तेव्हा आक्काने माझा दंड धरला.

"शिवे, मी लातूरला जाणार न्हाई."

"मग कुठं जातीस?"

"कुठंबी. जिथं कुणी मार्क इचारत न्हाई तिथं." मग खाली बघत म्हणाली, "पाचशे अठ्ठेचाळीस न्हाईत. दोनशे एकोणीस हायेत. जूनपासून खोटं सांगून राहिले मी."

"अप्पाला सांग की मग."

"तू सांग."

मी अप्पांकडे पाहिलं. ते केळीवाल्याला फोन दाखवत होते आणि केळीवाला म्हणत होता, पोरीनं नाव काढलं.

खरं सांगायचं तर मला आक्काची नाही, स्वतःचीच काळजी वाटली. घरात मुली दोन. एक पळून गेली तर डॉक्टर व्हायला उरले मी. मला विज्ञानात पस्तीस मार्क आहेत आणि पायात काटा रुतला तर तो दुसऱ्याने काढेपर्यंत मी डोळे उघडत नाही. त्यामुळे मी ठरवलं, आक्काला नजरेआड होऊ द्यायचं नाही. निदान दुसरी सोय होईपर्यंत.

तेवढ्यात नांदेड-लातूर आली. मी रुमाल टाकला आणि शेवटचं बाकडं मिळवलं. एक काका बसायला आले होते, त्यांना माझं ठरलेलं वाक्य ऐकवलं. अप्पांनी पोतं डिकीत कोंबलं, केळी खिडकीतून आत दिली आणि पाण्याची बाटली आणायला परत गेले. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले. "धा मिनिटं," कंडक्टर जाता जाता म्हणाला.

आक्का ज्या बाजूला बसली होती तिथे तो दरवाजा होता. लाल अक्षरांत लिहिलेला असतो ना, संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग. मी वाचायला शिकले ते तेच वाचून, पण तो उघडलेला कधी पाहिला नव्हता. आक्काने एकदा माझ्याकडे बघितलं, खटका ओढला आणि खाली उतरली.

मी डोकं बाहेर काढलं. तिथे झेरॉक्सचं दुकान असायला हवं होतं. ते नव्हतं. शेजारची रसवंती नव्हती, मुतारीचा वास नव्हता, चाकूरच नव्हतं. फराळाची पिशवी काखेत मारून मी उडी मारली.

बाहेर दुपारी चारच्या वेळेसारखा उजेड होता आणि नजर जाईल तिथवर बाकडीच बाकडी. लाल रेक्झिनची. कुठे फाटलेली नाहीत, स्पंज उपटलेला नाही, बदाम कोरून आत कुणी कुणाचं नाव लिहिलेलं नाही. एवढ्यावरून माझी खात्री पटली की हे आपलं जग नव्हे. बाकड्यांवर माणसं बसलेली होती, बाया, बाप्ये, कॉलेजची पोरं, पण कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भरपेट जेवल्यावर येते तशी गुंगी सगळ्यांच्या तोंडावर.

पुढे एक म्हातारी आक्काशी बोलत उभी होती. इरकल लुगडं, त्यावर खाकी कोट, हातात तिकिटं टोचायचा जुना चिमटा. छातीवर पितळी बिल्ला, गौरम्मा. बोलण्यात मधेच कानडी यायचं, त्यावरून उदगीरकडची वाटत होती.

"ये बाई. सुट्ट्या संपल्या की लई गर्दी होती बघ इथं," ती आक्काला म्हणाली. "अकराच जागा उरल्यात. कुठलीबी घे. कूतको, कूतको. बस म्हंते."

"इथं कोण येतं?" आक्काने विचारलं.

"ज्यास्नी घरी सांगायला जमत न्हाई ते. इथं कुणी कायबी इचारत न्हाई." गौरम्माने जवळच्या बाकड्यावरच्या फेटेवाल्याकडे चिमटा रोखला. "ह्यो केरबा. नायगावचा. पुतणीच्या लग्नाचा शालू आणायला गेलता, बसमधीच इसरला. चोवीस वर्सं झाली."

"त्ये मृत्युंजय सर," ती पुढे म्हणाली. "इंग्रजी येतं म्हणून अर्जात लिहिलं आन शाळेनं खरंच इंग्रजी शिकवायला दिलं."

"आन मग?"

"मग काय, बसले. एकदा बसलं आन मी तिकीट टोचलं की उठू वाटत न्हाई. काळजी न्हाई, भूक न्हाई, रविवार न्हाई."

रविवार नाही म्हटल्यावर आक्काचा चेहरा एकदम सैल पडला. म्हणजे ही बसणार, आणि बसली की संपलं. ती सगळ्यात जवळच्या रिकाम्या जागेकडे निघाली.

मी विचार केला नाही. विचार करून जागा धरता येत नाही. रुमाल भिरकावला, तो बरोबर सीटवर पडला.

गौरम्मा वाकून बघायला लागली. "रुमाल हाय. जागा धरल्याली हाय. दुसरी घे बाई."

तिथेही तोच कायदा होता. मला त्या जगाबद्दल एकदम आपलेपणा वाटला. आक्का दुसऱ्या जागेकडे वळली, तिथे माझी डावी चप्पल पोचली. तिसरीवर उजवी. चिवड्याचा डबा चौथीवर, लाडवांचा डबा पाचवीवर. वेण्या सोडून दोन रिबिनी दोन जागांवर. शेंगदाण्याच्या चटणीची पुडी, मग रिकामी पिशवी. आक्का पळायला लागली, मीही पळाले. वाटेत तिची ओढणी माझ्या हातात आली, ती दहावीवर टाकली.

"शिवे, गुमान काढ ते सगळं."

"काढत न्हाई."

अकरावी जागा कोपऱ्यात होती. आता माझ्याकडे टाकायला काही नव्हतं. आक्काचे पाय माझ्यापेक्षा लांब आहेत, पण तिला जूनपासून खुर्चीवर बसायची सवय आणि मला म्हशींमागे धावायची. मी आधी पोचले आणि त्या जागेवर स्वतःच अंग टाकलं.

अकरापैकी अकरा. चाकूरलासुद्धा माझ्याच्याने कधी चारच्या वर झाल्या नव्हत्या.

गौरम्मा शांतपणे आली. "कुणासाठी धरल्या गं एवढ्या जागा?"

इथे मी माती खाल्ली. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण बसमध्ये हा प्रश्न आला की माझं तोंड आपोआप चालू होतं. मी म्हणाले, "आमची माणसं येऊन राहिली. मागंच हायेत."

"येऊ दे की," गौरम्मा म्हणाली. "ती येऊस्तवर तू धरून बस." आणि एक गुलाबी तिकीट टिक करून टोचून माझ्या हातात दिलं.

फार छान वाटलं, खोटं कशाला बोलू. पाय गेले, म्हणजे होते, पण ते मला काही मागत नव्हते. पाठ टेकली. अनवाणी पळून तळव्यांना लागलेले खडे दुखायचे थांबले. बस निघून जाईल हे मला माहीत होतं, अप्पा बाटली घेऊन शोधत असतील हेही माहीत होतं, पण शाळेत देशांच्या राजधान्या माहीत असतात तेवढंच. येणार कोणीच नव्हतं, त्यामुळे मला कायम बसायला मिळणार होतं. माझी त्यालाही हरकत नव्हती.

आक्काने माझा हात ओढला. मग दोन्ही हात ओढले. मग माझ्या गालावर एक ठेवून दिली.

"काय गं," मी म्हणाले. मला रागही आला नाही. त्यानेच आक्का घाबरली. माझं तोंड इतकं शांत तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

"हिला सोडा," ती गौरम्माला म्हणाली. "ही ल्हान हाय. हिला कशाला धरलं?"

"मी कुणालाच धरलं न्हाई बाई. घरी बोलायचं राहिल्यालं इथं बोललं की उठता येतं. पण इथं येणाऱ्यास्नी बोलायचंच नसतं, मी काय करू."

आक्का माझ्यासमोर खाली बसली. "शिवे, बोल. कोण माणसं येऊन राहिलीत?"

"येतील की."

"कोण? नावं सांग."

मला नावं सुचेनात. "कुणी न्हाई," मी शेवटी म्हणाले, आणि पायाची बोटं हलली. तळव्याचे खडे पुन्हा टोचायला लागले. मला ते अजिबात आवडलं नाही.

"मग कामून धरल्या जागा?"

"तू गेलीस तर मला डॉक्टर करतील."

गुडघ्यापर्यंत मुंग्या आल्या आणि तिथेच थांबल्या. गौरम्माने मान हलवली. "अजून हाय काहीतरी पोटात."

"काही न्हाई," मी म्हणाले. आक्का हलली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, मेकअपच्या काजळासारखं नाही, आतून. दिवाळीभर मी ते बघत होते आणि तिला भूत म्हणून चिडवत होते. एकदम मला तिचा आणि माझा दोघींचाही भयंकर राग आला.

"तू न्हाईस तर मला करमत न्हाई," मी म्हणाले. "जूनपासून तुझ्या गादीवर कुणाला झोपू दिलं न्हाई मी. मावशी आली तर तिलाबी खाली झोपवलं. मी तुझी जागा धरून बसले आन तू दिवाळीला आलीस तर आल्यासारखी वाटलीच न्हाईस. नुसती गोड हसती. माझ्याशी भांडतबी न्हाई. मला दोनशे एकोणीसवाली चालती. हितं बसू नको. तू बसलीस तर मी कुणासाठी जागा धरू?"

बोलता बोलता मी उभी राहिले होते. नाक गळत होतं आणि पुसायचा रुमाल लांब पहिल्या जागेवर पडला होता. आक्काने तिच्या बाहीने माझं नाक पुसलं, जे तिने होस्टेलला गेल्यापासून केलं नव्हतं.

मागून कुणीतरी खाकरलं. फेटेवाला केरबा होता. तो कुणाकडेही न बघता म्हणाला, "शालू मी बसमधीच इसरलो. वैनी, चुकलं माझं." आणि गुडघे कडकड वाजवत उठला.

"हे असं एकानं केलं की साथ लागती," गौरम्मा वैतागून म्हणाली. मग तिने आक्काकडे पाहिलं. "बाई, हिनं खरं सांगितलं, म्हंजे जागा मोकळ्या झाल्या. तुला बसायचं असंल तर बस. मी न्हाई म्हणत न्हाई."

लांबवर आपल्या बसचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरचा चहा झाला होता.

आक्का त्या लाल बाकड्याकडे बराच वेळ बघत राहिली. माझ्याकडे टाकायला आता काही उरलं नव्हतं आणि बोलायलाही नाही. तिने बसायचं ठरवलं असतं तर मी काय करणार होते, हे मला आजही माहीत नाही.

"अप्पापुढं मला बोलता आलं न्हाई तर?" तिने विचारलं.

"मला का माहीत," मी म्हणाले. "मला विज्ञानात पस्तीस हायेत."

तिने वाकून माझी डावी चप्पल उचलली, मग उजवी, आणि माझ्या पायांपुढे ठेवली. "घाल. पळायचंय."

आम्ही पळालो. लाडवांचा डबा घेतला, चिवडा राहिला. केरबाकाका फेटा सावरत मागे. दरवाजातून आधी मी, मग आक्का, मग आम्ही दोघींनी ओढून काका. आत येऊन आक्काने खटका लावला तर काचेतून झेरॉक्सचं दुकान दिसत होतं. कंडक्टर तिकिटाचं मशीन गळ्यात घालून नुकताच चढला होता.

"नायगावला उतरवा," केरबाकाका त्याला म्हणाले.

"काका, ही लातूरला चालली. उलट्या दिशेला."

"असू द्या. जाऊन येतो. तेवढाच वेळ मिळंल, वैनीपुढं काय बोलायचं ते ठरवायला."

अप्पा खिडकीखाली उभे होते, घामाघूम. "कुठं गायब झालता दोघी? दोन चकरा मारल्या मी बसला." त्यांनी पाण्याची बाटली वर केली. "हे घे. आन रविवारी फोन कर बरं का. साडेपाचशेच्या पुढं ग्येलं पायजे आता."

कंडक्टरने दोनदा घंटी मारली.

आक्काने बाटली घेतली नाही. खिडकीचा गज धरून ती म्हणाली, "अप्पा, पाचशे अठ्ठेचाळीस खोटं हाय. दोनशे एकोणीस हायेत. जूनपासून सगळे खोटे सांगितले."

तिने ते इतक्या मोठ्याने सांगितलं की पुढच्या चार रांगांनी माना वळवल्या. केळीवाल्यानेही ऐकलं. बस हलली. अप्पा बाटली तशीच वर धरून बसबरोबर चालत राहिले, जणू त्यांना ती द्यायचीच होती, बाकी काही ऐकू आलं नव्हतं. बसने वेग घेतला तसे ते मागे पडले. आक्काने गजावर कपाळ टेकलं. मला वाटलं, झालं, हे असंच राहणार आता, एक स्टँडच्या फाटकाच्या आत आणि एक बाहेर.

मग वळणावर बस जरा रेंगाळली आणि मागच्या पत्र्यावर धडाधडा हात पडले. ड्रायव्हरने शिवी हासडून ब्रेक मारला. अप्पा चढले. मोटारसायकल स्टँडवर किल्लीसकट सोडून चढले, हे नंतर कळलं. माणसांतून वाट काढत ते शेवटच्या बाकड्यापर्यंत आले, आक्काला आत सरकवलं आणि बसले.

आष्टामोड येईपर्यंत अप्पांचं एकच चाललं होतं. बाटलीचं झाकण उघडायचे, लावायचे. गौरम्माच्या बाकड्यावर मला जेवढी भीती वाटली नव्हती तेवढी इथे वाटली. आक्का समोर बघत बसली होती, पण तिचा हात माझ्या हातात होता.

"तिथं झोप लागती का तुला?" अप्पांनी विचारलं.

आक्काला आधी प्रश्नच कळला नाही. मग ती म्हणाली, "न्हाई."

"कवापासून?"

"ऑगस्टपासून."

अप्पांनी मान हलवली. खिडकीबाहेर कापणी झालेलं सोयाबीनचं रान पळत होतं, ते बघत राहिले. "मी दर रविवारी फोनवर मार्क इचारले," ते म्हणाले, "आन हे इचारायचंच राहिलं बघ." तेव्हा आक्का रडली, खांद्यावर डोकं ठेवून, नाक वाजवत, लाज न बाळगता. अख्खी बस बाहेर बघायला लागली. केरबाकाकांनी फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं.

कंडक्टर आमच्यापर्यंत आला. "कुठं?"

"तीन लातूर," अप्पा म्हणाले. "आन येतानाचेबी तीन द्या."

"परतीचं तिकीट इथं न्हाई मिळत मालक. येताना त्या गाडीत घ्या."

"मग लिहून तरी ठिवा," अप्पा म्हणाले. "तिघं परत चाललेत म्हणून."